मीठ आणि बारूद एकाच पोत्यात

ये पोरी, अशी जवळ सरक. एक पाय घरात आणि एक बाहेर ठेवून ऐकू नको. माहीत आहे मले, तू तिकडे हैदराबादेत आहेस आणि मी इथी मुलचेऱ्यात कागदावर लिहून राह्यली. पण वाचताना तं जवळ बसशील? फोन उलटा ठेव आणि बस. आज तुले थोडं रागवायचं आहे. जास्त नाई, भाजीत मीठ असते तेवढंच.

रागवायचं कारण असं की, गेले दोन महिने आपल्या लढाईत माझ्यासमोर तू नव्हतीच. कोण होतं, आणि मले ते कसं समजलं, तेच सांगायले बसली आहे. दुसरं कोणी वाचत असेल तं त्याले आपली लढाई ठाऊक नाई, म्हणून पहिल्यापासून सांगते. तूही ऐक. अर्धं तू विसरली असशील.

तू माझ्या लेकीची लेक. दोन वर्षांआधी धानकापणीच्या दिवसांत पंधरा दिवस राहायले आली होती. कंपनीनं घरून काम कर म्हटलं होतं, पण आपल्या घरी नेटवर्क येते फक्त आंगणातल्या कडुनिंबाच्या पारावर. तू पारावर, मी समोर सूप घेऊन धान पाखडत. तुझं काम संपलं की तू ती पाटीएवढी टॅबलेट काढायची आणि त्यात तोंड घालून बसायची. दोन दिवस मी नुसती पाहत राह्यली. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"काय करून राह्यली वं?"

"लढाई."

"कोणाशी?"

"कोणाशीच नाई आजी. खेळ आहे. ये, तुले शिकवते."

मी म्हटलं, या वयात मले कायले लढाई शिकवतेस. तरी सूप ठेवून आली. पडद्यावर नकाशा होता. मधमाशीच्या पोळ्याले असतात तशी सहा कोनांची घरं. हिरवं घर म्हणजे जंगल, निळं म्हणजे नदी, भुरकट म्हणजे उघडं रान. माझी सहा ठाणी पिवळी, तुझी सहा तांबडी. एका घरात एक मिशीवाला शिपाई उभा होता. तू म्हणाली, हा एक म्हणजे हजार माणसं. बाजूले एक तोफ होती, ती म्हणजे तोफांची आख्खी तुकडी.

"हजार माणसांले एकच मिशी?" मी विचारलं.

तू इतकी हसली की पारावरून पडता पडता राह्यली.

मंग तू मले ते पोतं दाखवलं. प्रत्येक ठाण्याखाली एक लहानसं पोतं काढलेलं, आणि त्याच्यावर आकडा. रसद, तू म्हणाली. फौज जेवढी मोठी तेवढी पोती रोज कमी होतात. पोती संपली की फौज उपाशी, आणि उपाशी फौज लढत नाई.

एवढं मले एकदम समजलं. माझं आयुष्यच त्यात गेलं. मी सातवीपर्यंत शिकली, पुढचं शिक्षण झालं जंगलातल्या एका निवासी आश्रमशाळेच्या कोठीत. कोठी म्हणजे मालाची खोली. किल्ल्या माझ्या कंबरेले. कोणता माल कधी येते, किती दिवस पुरते, कशाले कीड लागते, हे मी डोळे मिटून सांगू शकत होती. म्हणून मी लगेच तुझी उलटतपासणी सुरू केली.

"एका पोत्यात काय काय आहे?"

"सगळं. तांदूळ, डाळ, तेल, गोळ्या, बूट, औषध."

"आन मीठ?"

"मीठ पण."

"आन बारूद?"

"हाव आजी, बारूद पण त्यातच."

"मीठ आन बारूद एकाच पोत्यात? कोणी भरलं वं हे पोतं? त्याले माझ्या कोठीत एक दिवस ठेवलं नसतं मी."

तू म्हणाली, आजी, खेळ आहे. मी म्हटलं, खेळ असू दे, पण पोत्यात काय आहे ते माहीत नसलं तं फौज मरते. आणि मंग मी तुले ती माचिसची गोष्ट सांगितली. पुन्हा सांगते, कारण तेव्हा तुझं अर्धं ध्यान नकाशावर होतं.

आमच्या शाळेच्या रस्त्यावर दोन नाले होते. पाणी चढलं की गाडी येत नसे. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांचा माल उन्हाळ्यातच ट्रॅक्टरनं आणून भरून ठेवायचा. सगळ्या त्या भागाची हीच रीत. त्या वर्षी कोठी छतापर्यंत भरलेली. तांदूळ होता, डाळ होती, तेलाचे पिपे होते, मिरची, हळद, सगळं. पण एक पत्रा सरकला आणि पाणी गळलं ते नेमकं माचिसच्या खोक्यावर. मी पाह्यलं तेव्हा खोक्याचा लगदा झाला होता. दोन्ही नाले भरलेले. खोलीभर तांदूळ आणि चूल पेटवायले काडी नाई. कागदावर पाहशील तं माझी कोठी पुरी भरलेली होती. आकडा चांगला होता. पण त्या सकाळी लेकरं ताटं घेऊन बसली आणि मी त्यांले कोरडे पोहे दिले, गुळाचा खडा दिला, आणि आत जाऊन रडली.

मंग जवळच्या टोल्यावरून, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्तीवरून, एक माडिया आदिवासी बाई आली, मडक्यात राखेखाली निखारे घेऊन. तिची भाषा मले येत नव्हती, माझी तिले येत नव्हती. तिनं मडकं चुलीजवळ ठेवलं आणि माझ्या पाठीवर एक धपाटा मारला. नाले उतरेपर्यंत आम्ही ती चूल विझू दिली नाई. सगळ्या स्वयंपाकिणींनी पाळ्या लावून घेतल्या.

हे ऐकून तू काय म्हणाली, आठवते? म्हणाली, "पण आजी, माचिससुद्धा मोजत बसलं तं माणूस खेळणार कधी? ज्यानं खेळ बनवला त्याले ठरवावंच लागते ना, काय मोजायचं आन काय सोडायचं."

तेव्हा मी तोंड वाकडं केलं, पण मंग विचार करत राह्यली. खरं आहे. तालुक्याच्या हापिसात माझी आख्खी कोठी म्हणजे एका कागदावरची एक ओळ होती. तिथल्या माणसानं प्रत्येक पिप्याले हात लावून पाह्यला असता तं त्याचं काम कधी संपलं असतं? आणि मी तरी काय करायची? रोज सकाळी फळ्यावर लिहायची, आज लेकरं इतकी, आणि त्या हिशेबानं भाताचं माप लावायची. प्रत्येकाले सारखं. त्या आकड्यात एक पोट्टी होती, ती निम्मा भात मुठीत लपवून धाकट्या भावाले नेऊन द्यायची. एक होती जिले घरची आठवण आली की घासच उतरत नसे. फळ्यावर त्या दोघी सारख्याच. एक आणि एक. दूर बसलेल्या माणसाले आकडाच दिसते, आणि वाढपीसुद्धा घाईत असली की दूरचीच होते. त्या खेळवाल्यानं मीठ आणि बारूद एका पोत्यात भरलं, त्याले मी तेव्हा माफ केलं. पुरं नाई, पण केलं.

आपल्या पहिल्या लढाईत मी काय करून बसली, तेही लिहूनच टाकते. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ऋतू उन्हाळा. मी ते वाचलं आणि मले दुसरं काई सुचलंच नाई. उन्हाळा आहे, म्हणजे पाऊस यायच्या आत नदीपलीकडचं ठाणं भरून घ्यायचं. फौज जिथल्या तिथी ठेवली, तोफा तशाच ठेवल्या, आणि होती नव्हती ती सगळी पोती नदीपलीकडे पाठवली. शंभर पोती. तिथी पोचली आणि आकडा दिसला चाळीस.

"साठ कुठी गेली?"

"गेली आजी. एका ठाण्यात चाळीसच मावतात. वरची गायब होतात."

"गायब म्हणजे? उंदरानं खाल्ली तरी लेंड्या दिसतात वं. चोरानं नेली तरी वाटेवर दाणे सांडतात. साठ पोती जातात कुठी?"

"कुठीच नाई. नुसती जातात."

आणि ज्याच्यासाठी भरली तो पाऊस? तो आला. नकाशाचा रंग थोडा काळसर झाला, टपटप आवाज आला, आणि नदीतून तुझी फौज कोरडी ठणठणीत चालत आली. त्या खेळात पावसानं रस्ता बंद होतच नव्हता. पाऊस फक्त शोभेले होता. माझी पाच ठाणी उपाशी, सहाव्यात चाळीस पोती, आणि तू आठ चालीत जिंकली. पोट धरून हसत होती तू. मीही हसली. या भागातल्या कोणत्याही बाईनं हीच चूक केली असती.

पण नंतर तूच विचारलं, "लांबचं ठाणं आधी काऊन भरलं?" मी सांगितलं की जवळच्याले उद्या देता येते. लांबच्याले उद्या देता येईलच याचा भरवसा नाई. म्हणून जो सगळ्यात दूर, त्याचं पान आधी वाढायचं. आणि पुढच्या लढाईपासून तू तशीच खेळायले लागली. लांबच्या ठाण्याले वीस पोती, जवळच्याले पाच. चाळिसाची हद्द कधी ओलांडायची नाई, पण दूरचं आधी भरायचं. माझीच विद्या घेऊन मलेच हरवायची.

तू गेली तेव्हा टॅबलेट माझ्याजवळ ठेवून गेली. म्हणाली, रोज एक चाल. तू सकाळी खेळ, मी संध्याकाळी माझ्या फोनवर खेळते. फोनवर बोलायले वेळ मिळाला नाई तरी चाल तं येईल.

आणि आली ना. दोन वर्षं आली. मी सकाळी चहा घेऊन पारावर बसायची. टॅबलेट उघडली की तुझी रात्रीची चाल दिसायची, आणि त्यातून मी तुले वाचायची. तुले वाटेल म्हातारी काईही सांगून राह्यली, पण खरं सांगते. कंपनीत कोणाशी वाजलं की तू तोफा पुढे आणायची. थकली असली की एकच शिपाई एकच घर सरकवायची आणि झोपायची. आणि पोती, ती तं तुझं अक्षरच. लांबच्याले वीस, जवळच्याले पाच. कधी बावीस आणि चार. ते आकडे पाह्यले की मले वाटायचं, ठीक आहे पोरगी, जेवली असेल.

तुझे आजोबा गेल्यावर घरात बोलणारं कोणी उरलं नाई. शाळेतली नोकरी सुटली तेव्हा कंबरेच्या किल्ल्या गेल्या. कितीतरी दिवस माझा हात आपोआप तिथी जायचा. दुपार लांबते इथी. समोरच्या घरी ती बंगाली बाई आहे, तुले मासळी भरवायची ती. ती येते मधून मधून.

"दीदी, तुमचं युद्ध कुठपर्यंत आलं?"

"नदीपर्यंत."

"मग भात खाऊन घ्या आधी. सैन्य मागून जेवेल."

वाटीत काईतरी झाकून आणते, ठेवते, आणि जाते. तिचं घर भरलेलं आहे, तिले थांबायले कुठी वेळ. मले त्याचा राग नाई. भरल्या घरच्या बाईचे पाय दारातच वळतात, मलेही ते दिवस आठवतात.

तं दोन महिन्यांआधी तुझ्या चाली बदलल्या. आधी लक्षात आलं नाई. चाल रोज येत होती, उलट जास्तच नेमानं. पण पोती सगळीकडे सारखी. अकरा, अकरा, अकरा, अकरा. दूरच्या ठाण्यालेही अकरा आणि घराजवळच्यालेही अकरा. मी म्हटलं, पोरगी घाईत आहे. दुसऱ्या दिवशी बारा, बारा, बारा, बारा. मी म्हटलं, आजारी तं नाई? आजारी असती तं चाल एवढी वेळेवर आली नसती.

नदीपलीकडे तुझं जे ठाणं आहे, तिथी मोठी फौज आहे. तिले रोज वीस लागतात, मीच तं शिकवलं होतं. बारानं तिचं भागत नाई. शिपायाच्या डोक्यावर उपासाची लाल खूण आली. मी वाट पाह्यली की आता तरी तू पोती वळवशील. तुझी फौज उपाशी बसली आणि जवळच्या रिकाम्या ठाण्यात बारा बारा पोती पडून राह्यली. तू असं करत नाईस. लहानपणी भाकरीचा तुकडा कुत्र्याले टाकतानाही तू मागच्या लंगड्याले आधी टाकायची.

मंग मी तुझी परीक्षा घेतली. रागावू नको. मुद्दाम माझं मुख्य ठाणं रिकामं केलं. फौज काढून घेतली, दार उघडं ठेवलं. तू असती तं त्याच दिवशी आत शिरली असती आणि वरून फोन करून चिडवलं असतं, आजी, झोपली होती का? एक दिवस गेला. दुसरा गेला. पाच दिवस माझं दार उघडं होतं आणि समोरून फक्त बारा, बारा, बारा, बारा.

मी टॅबलेट पिशवीत टाकली आणि बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेली. तिथी एक पोरगी बसते, शहाणी आहे, म्हाताऱ्यांवर खेकसत नाई. तिनं तुझ्या नावावर बोट ठेवलं. बाजूले एक बारीक दातेरी चाक होतं. मी ते रोज पाहायची, मले वाटायचं शोभेचं आहे.

"आजी, समोर कोणी नाई. यांनी आपोआप लावून ठेवलं. मशीन खेळून राह्यली."

"कधीपासून?"

तिनं दोनदा बोट फिरवलं आणि तारीख वाचून दाखवली. दोन महिने होत आले होते.

मी तिले विचारलं, दुकानात जरा बसू का? तिनं स्टूल दिलं, पाणी दिलं. मी तिथी बसून हिशेब लावत होती की या दोन महिन्यांत मी किती वेळा मनात म्हटलं, जेवली असेल पोरगी. मशीनचं जेवण विचारत होती मी. तुझी पोती मले दिसत होती आणि त्यात तू आहेस असं मी धरून चालली होती.

त्या संध्याकाळी मी तुले फोन केला. तुझ्या मागे खूप आवाज होते, कोणीतरी तुले बोलवत होतं. मी विचारलं, लढाई कशी चालली वं तुझी? तू म्हणाली, "मस्त आजी, खेळते ना रोज. तूच जिंकून राह्यली." मी म्हटलं, हाव. आणि फोन ठेवला.

तू खोटं बोलली हे लागलं मले, लपवत नाई. पण रात्रीपुरतंच. सकाळी पारावर बसल्यावर समजलं, तू ते चाक कायले लावलं. तुले वेळ मिळेना, आणि चालीची वाट पाहत माझा चहा थंड होऊ नये असं तुले वाटलं. चाल आली नाई तं आजी घाबरेल, फोनवर फोन करेल. म्हणून तू माझी सोय लावली. मीही तं तेच केलं असतं. जाताना कोठीत भरपूर भरून ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, पुरेल यांले.

पण पोरी, मले नाई पुरत.

तुझं नदीपलीकडचं ठाणं त्या दिवशी दोन चालींवर होतं. मी शिपाई पुढे टाकला असता तं पडलं असतं, आणि ते पडलं की लढाई माझी. दोन वर्षांत मी तुले एकदाही हरवलं नाई, तुले ठाऊक आहे. शिपायावर बोट ठेवलंही होतं. पण समोर कोणी नसताना जिंकून मी सांगू कोणाले? आणि न जिंकता तशीच रेटत राहू, रोज सकाळी त्या मशीनले चाल देत राहू, तं ते तुझ्याशी बोलणं नाई. तू म्हणशील आजीची चाल येते, ठीक आहे. मी म्हणेन पोरीची चाल येते, ठीक आहे. आणि मधात ती मशीन बारा बारा वाटत राहील.

म्हणून मी खाली ते पांढरं निशाण आहे ना, ते दाबलं. हार मानायची का, त्यानं विचारलं. मी 'हो' दाबलं. खात्री आहे का, पुन्हा विचारलं. पुन्हा दाबलं. माझी सहाही ठाणी तांबडी झाली, बिगुल वाजला, आणि पडद्यावर तुझं नाव मोठ्या अक्षरात आलं. तुले अजून माहीतही नसेल की तू जिंकली.

आता सकाळी पारावर बसते तेव्हा मांडीवर काई नसते. पहिले दोन-तीन दिवस फार जड गेले. बंगाली बाईनं विचारलं, दीदी, युद्ध संपलं? मी म्हटलं, संपलं. कोण जिंकलं? म्हटलं, नात. ती म्हणाली, बरं झालं, आता तरी ती येईल मिठाई घेऊन. तेव्हाच मी हा कागद लिहायले घेतला.

मले दुसरी लढाई लावून देऊ नको. रोज फोन करायची शपथही घेऊ नको, तुझ्याच्यानं होणार नाई आणि मंग तू पुन्हा काईतरी चाक शोधशील. तू फक्त ये. सिरोंचाकडून येऊ नको, तो रस्ता हाडं खिळखिळी करते. रेल्वेनं बल्लारशाले उतर, तिथून आष्टीची गाडी घे, आष्टीहून मुलचेरा. गाडी चुकली तं आष्टीच्या स्टँडवरून फोन कर, मी कोणाले तरी पाठवीन. दोन दिवस मिळाले तं दोन दिवसांसाठी ये. मिठाई आणू नको, माझ्या दाताले चालत नाई. आलीस की कामाचा फोन पारावर ठेव आणि आत चुलीजवळ येऊन बस, तिथी नेटवर्क येत नाई. बोलायले काई सुचलं नाई तरी चालेल. शेजारी बसून जेव, म्हणजे मले दिसेल किती जेवतेस ते. पण लवकर ये वं, या महिन्यातच ये.